रोख वर्ध्याला, उधारी गावात

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात : "आमचे गाव देवळी तालुक्यात आहे. वर्धा तेथून पंचवीस किलोमीटर. सहा एकर कोरडवाहू शेतीत कापूस, सोयाबीन आणि तूर घेतो. दोन वर्षांपासून महिन्याचा किराणा मी वर्ध्याच्या एका मोठ्या मार्टमधून आणते आणि बाकीचे सामान मुलगा मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून मागवतो. गेल्या तान्ह्या पोळ्याला नातवाचा लाकडी बैलसुद्धा तसाच आला. मार्टमध्ये महिन्याला तीन-साडेतीनशे रुपये वाचतात. पावसाळ्यात हातात पैसा नसतो, तेव्हा मात्र गावातल्या काकाजींच्या दुकानातून उधारीवर घ्यावे लागते. आता काकाजी पूर्वीसारखे बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात, ज्याच्या उधारीवर पावसाळा काढला त्याच्याकडे दिवाळीत पाठ फिरवू नये. केवळ भिडेखातर महाग घ्यायचे का? माझे काही चुकते आहे का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

वाचलेल्या पैशांबद्दल तुम्ही जवळजवळ अपराध्यासारखे लिहिले आहे, म्हणून आधी त्याबद्दलच बोलते. कोरडवाहू शेतीच्या घरात तीन-साडेतीनशे रुपये ही लहान रक्कम नाही. रोखीच्या खरेदीचे सात महिने धरले, तर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास होतात, आणि तेवढ्यात नातवाच्या वह्या, दप्तर आणि गणवेश यांची सोय होते. जिथे स्वस्त मिळेल तिथे घेण्यात गैर काही नाही. भिडेखातर केलेली खरेदी फार दिवस टिकत नाही आणि ती दुकानदाराच्या मानालाही शोभत नाही, कारण त्याने दुकान मांडले आहे, कोणापुढे हात पसरलेला नाही.

परंतु तुमच्या पत्रातले एक वाक्य तुम्ही सासूबाईंच्या तोंडी घालून पुढे निघून गेलात, आणि मला सगळा प्रश्न त्या वाक्यातच दिसतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गावात उधारी आणि कापसाचा चुकारा हाती आला की रोख घेऊन वर्धा, असा तुमच्या घराचा व्यवहार झाला आहे. तो एकट्या तुमच्या घराचा नाही, आपल्याकडच्या बहुतेक गावांत हल्ली असेच चालते, आणि म्हणूनच काकाजींच्या भावाची मार्टच्या भावाशी थेट तुलना करता येत नाही. मार्टमधून तुम्ही साखर विकत घेता. काकाजींकडून तुम्ही साखर घेता आणि तिच्यासोबत विनातारण, विनाअर्ज असे काही महिन्यांचे कर्जही घेता, ज्याचे व्याज कुठेही लिहिलेले नसते.

हे कर्ज कितीला पडते, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. समजा, जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत दर महिन्याच्या सुरुवातीला तुम्ही चार हजारांचा किराणा घेतला आणि सगळी वीस हजारांची बाकी नोव्हेंबरअखेर एकदम चुकती केली. जूनचे चार हजार सहा महिने अडकले, जुलैचे पाच, ऑगस्टचे चार, सप्टेंबरचे तीन आणि ऑक्टोबरचे दोन. काकाजींनी स्वतः हा पैसा महिना एक टक्क्याच्या दराने उभा केला असेल, तर त्यांना आठशे रुपये व्याज पडले, म्हणजे तुमच्या खरेदीवर चार टक्के. चार हजारांच्या किराण्यामागे तुम्ही जो तीन-साडेतीनशेचा फरक सांगता, त्यातला जवळजवळ निम्मा भाग हा एवढाच आहे. त्यांचा पैसा याहून महाग दराचा असला, तर फरक त्यातच संपतो. मोठ्या मार्टची गोष्ट नेमकी उलटी असते : त्याला कंपनीकडून माल बहुधा मुदतीवर मिळतो आणि ग्राहकाकडून पैसे त्याच दिवशी. लहान दुकानदाराला ठोक व्यापारी फार दिवस थांबत नाही आणि गिऱ्हाईक मात्र दिवाळीपर्यंत थांबवते.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. माझ्या मामांचे किराणा दुकान हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात होते आणि शाळेच्या सुट्टीत त्यांची उधारीची वही नव्या वहीत उतरवून काढण्याचे काम माझ्याकडे असे. 'मागील बाकी' हे दोन शब्द मी तेव्हा इतक्या वेळा लिहिले की आजही ते लिहिताना माझे अक्षर त्या वहीतल्यासारखे होते. काही नावांपुढे ती बाकी तीन-तीन वर्षे पुढे सरकत राही, आणि ती माणसे नापिकीने गांजलेलीच असत असे नाही. त्यांतली काही जण सणाला शहरातून कपड्यांची आणि भांड्यांची रोखीने खरेदी करून याच दुकानासमोरून जात. मामांनी अखेर दुकान बंद केले, त्या वेळी आसपास कुठेही मोठे मार्ट नव्हते आणि मोबाइलही नव्हता. वहीत मात्र लहानसे घर उभे राहील एवढी येणी होती. गावातली दुकाने बाहेरच्या स्पर्धेमुळे बुडतात असे म्हणण्याची आता पद्धत पडली आहे, आणि त्यात तथ्यही आहे, पण मी पाहिलेले दुकान गावानेच बुडवले.

तेव्हा काकाजी अबोल झाले असतील, तर त्याचे कारण तुम्ही वर्ध्याला जाता एवढेच असेल असे मला वाटत नाही. त्यांच्या वाट्याला तुमच्या घरचे केवळ उधारीचे महिने उरले आहेत. तुमची अडचण संपते तेव्हा त्यांची सुरू होते, आणि ते हे बोलून दाखवत नाहीत, कारण गावात राहायचे आहे.

आता दुसरी बाजू पाहू, म्हणजे मार्टच्या खेपेचा खर्च. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे लागते, त्यामुळे वर्ध्याची खेप तुम्हाला स्वस्त वाटत असेल, आणि ती सवलत चांगलीच आहे. परंतु सामान उचलायला सोबत आलेल्या यजमानांचे भाडे पूर्ण लागते, बसस्थानकापासून मार्टपर्यंतचा ऑटो दोन वेळा लागतो, बाहेर गेल्यावर काहीतरी खाणे होते, आणि यादीत नसलेल्या दोन-चार वस्तू पिशवीत येतात. वेचणीच्या दिवसांत घरची दोन माणसे दिवसभर बाहेर राहिली, तर तेवढा कापूस किलोमागे मजुरी देऊन दुसऱ्याकडून वेचून घ्यावा लागतो. तुम्ही वाचलेले साडेतीनशे लिहिले आहेत, हा खर्च कुठे लिहिलेला दिसला नाही. पुढच्या तीन खेपांचा तो लिहून ठेवा. त्यानंतरही बचत उरली, तर ती खरी बचत आहे आणि तिच्याबद्दल मनात काही ठेवू नका.

भाव पडताळतानाही थोडी दक्षता घ्या. बंद पाकिटावर आता एकूण किमतीसोबत दर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतात, हेही छापलेले असते. 'दोनवर एक मोफत' अशा पाट्यांपेक्षा तो लहान आकडा अधिक खरा असतो. साबण, टूथपेस्ट, शॅम्पू आणि केसांचे तेल यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हा काकाजींकडच्या आणि मार्टमधल्या साबणाची तुलना करताना दोन्ही वड्यांवरचा भाव त्यानंतरचाच आहे ना, एवढे पाहून घ्या.

गावात दुकान असण्याचा उपयोग कशात असतो, हे आपल्याला ते बंद पडेपर्यंत लक्षात येत नाही. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हाची आठवण सर्वांनाच आहे, पण मला त्याहून अधिक आठवतो तो एसटी कर्मचाऱ्यांचा संप, जो २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल येथे काही म्हणायचे नाही. परंतु ज्या गावांना एसटीखेरीज दुसरा आधार नव्हता, तिथल्या माणसांनी ते महिने गावातल्या दुकानावरच काढले. जे दुकान आपण केवळ अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवतो, ते बाकीच्या दिवसांत विक्रीअभावी मरते आणि मग अडचणीच्या दिवशीही नसते. दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची चहापत्ती, रात्री दार ठोठावून घेतलेली मेणबत्ती किंवा पाहुणा आल्यावर पोराला पिटाळून आणलेली पावभर साखर, ही खरेदी करताना आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही. ज्या शेतमजूर बाईला दिवसाची मजुरी संध्याकाळी मिळते आणि तिच्यातूनच रात्रीची चूल पेटवायची असते, तिला मात्र महिन्याचा किराणा एकदम आणण्याचा मार्गच मोकळा नाही. तुमच्यासारख्या बऱ्या घरांची रोख खरेदी त्या दुकानाला उभे ठेवते, म्हणून तिला पावभर साखर मिळते. मला स्वतःला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो हा उपयोग, आणि तो कोणत्याही बिलावर दिसत नाही.

तथापि, गावातल्या दुकानातून घेतले की सगळा पैसा गावातच राहतो, असे जे सांगितले जाते, ते मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते खरे नाही. काकाजींकडून घेतलेल्या साबणाचा बहुतेक पैसा कंपनीकडे आणि ठोक व्यापाऱ्याकडेच जातो, गावात उरते ती दुकानदाराची थोडीशी मिळकत. म्हणून कंपनीचा साबण वर्ध्याहून आला तर गावाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते गावात होऊ शकणारी वस्तू किंवा काम बाहेर गेल्यावर : पिठाची चक्की, तेलघाणी, डाळ, बचत गटाचे पापड, मसाला आणि शेवया, शिलाई, बुरडाचे सूप-टोपली, सुताराचे आणि लोहाराचे काम. इथे शंभर रुपयांतला मोठा हिस्सा एखाद्या शेजाऱ्याच्या हातातच पडतो. तुम्हाला एकाच बाबतीत मन घट्ट करायचे असेल, तर ते इथे करा.

डाळीचेच उदाहरण घ्या, कारण ते तुमच्या घरातले आहे. तुम्ही तूर पिकवता, ती बाजार समितीत विकता आणि डाळ पाकिटातली आणता. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल आता विदर्भात अनेक ठिकाणी बचत गट आणि तरुण मुले चालवतात. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात ती असेल, तर घरापुरती एक क्विंटल तूर बाजूला ठेवून तिथे भरडून घ्या. साधारण सत्तर किलोच्या आसपास डाळ मिळते, वर गुरांना चुनी मिळते, आणि भरडाईची मजुरी मिल चालवणाऱ्याला मिळते. हळदीचेही तसेच. आपल्याच जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे आणि आपण लांबच्या कारखान्यातले पाकीट फोडतो, हे मला खरोखर खटकते. पुढच्या वर्षी हळकुंडे घेऊन ती गावातल्या चक्कीवर दळून पाहा.

वर्ध्याला जाताच आहात, तर एकदा मगनवाडीतही जाऊन या. १९३४ साली महात्मा गांधींच्या पुढाकाराने तिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम उभे केले. त्या काळी तिथे तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद आणि मधमाशीपालन यांवर प्रयोग चालत. मला त्या कामातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की, त्या मंडळींनी 'गावचे घ्या' एवढा उपदेश करून हात झटकले नाहीत. जुन्या घाणीला बैल थकतो आणि तेल कमी निघते हे पाहून त्यांनी घाणी सुधारण्याचे काम हाती घेतले. गावची वस्तू घेणाऱ्याने तिच्याकडून चांगलेपणाची अपेक्षा ठेवलीच पाहिजे, हे त्या कामातून दिसते.

म्हणून काकाजींकडूनही तुम्ही अपेक्षा ठेवा, आणि मोकळेपणाने ठेवा. छापील किमतीपेक्षा अधिक पैसे घेता येत नाहीत, मग दुकान कितीही आडवळणाला असो. काट्याची वेळच्या वेळी पडताळणी होऊन त्यावर शिक्का असला पाहिजे. मुदत संपलेली बिस्किटे आणि बुरशी धरलेला रवा 'गावचे आहे' म्हणून चालवून घेऊ नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते, तेव्हा साध्या कागदावर का होईना, तारीख आणि भाव लिहून मागा. उधारीच्या वहीत जे लिहिले जाते तेच तुमच्या घरच्या वहीतही त्याच दिवशी लिहिले गेले पाहिजे, कारण गावातली निम्मी भांडणे भावावरून नव्हे तर विसरलेल्या नोंदीवरून होतात. ऐकून घेतलेच गेले नाही, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. परंतु तुमचा अनुभव आधी हाच येईल की खराब निघालेली वस्तू घेऊन तुम्ही दहा मिनिटांत दुकानात पोहोचता आणि ती बदलून मिळते. अ‍ॅपवाल्या कंपनीलाही तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याच्या आत तिचे निवारण करावे लागते, असा २०२० चा नियम आहे. तो नियम वापरायला तुमच्या मुलाला जरूर शिकवा, कारण अ‍ॅपवरची खरेदी तुम्ही पूर्ण थांबवाल असे मला वाटत नाही आणि थांबवावी असेही नाही. गावात न मिळणारी पुस्तके, मोबाइलचे सामान, एखादे औजार तिथून खुशाल मागवा.

बियाणे आणि औषधे यांच्या बाबतीत मात्र माझा सल्ला वेगळा आणि कडक आहे. ती मोबाइलवर ओळख झालेल्या माणसाकडून कधीही घेऊ नका. परवानाधारक कृषी केंद्रातून पक्के बिल घेऊन घ्या, बिलावर लॉट क्रमांक आहे का ते पाहा, आणि पिशवी, लेबल व मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही, तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे हाच पुरावा लागतो. त्याच वेळी ओळखीच्या दुकानदाराने सांगितले म्हणून तीन औषधे एकत्र करून फवारू नका. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरता कामा नये. दुकान जवळचे असले म्हणजे सल्लाही बरोबर असतो असे नाही. तो सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारावा.

आता काकाजींकडे काय बोलायचे, ते सांगते. यंदाचा चुकारा आला की वर्ध्याला जाण्यापूर्वी दुकानात जा, वही काढायला सांगा, दोन्ही नोंदी जुळवा आणि बाकी पूर्ण चुकती करा. पूर्ण शक्य नसेल, तर किती आज आणि किती तूर विकल्यावर, हे तारखेसह सांगा. त्यानंतर त्यांना विचारा की डिसेंबरपासून मी तेल, साखर, गूळ, डाळी आणि चहा दर महिन्याला रोखीने घेईन, तर रोखीचा भाव काय द्याल. वर मांडलेले चार टक्के तुम्हाला आता माहीत आहेत, तेव्हा संकोच न करता तेवढी सवलत मागा. त्यांनाही ती परवडेल, कारण रोखीवर ते स्वतः ठोक व्यापाऱ्याकडून चांगला भाव मिळवू शकतील. तुमच्या शेजारच्या चार घरांनी असेच ठरवले, तर त्यांना मालही अधिक आणता येईल आणि तो ताजा राहील. मार्टमध्ये जी वस्तू खरोखर बरीच स्वस्त पडते, ती दोन-तीन महिन्यांतून एकदा, दुसऱ्या कामासाठी वर्ध्याला जाणे झाले की आणा, आणि ते काकाजींपासून लपवू नका. पिशवी पदराखाली झाकून दुकानासमोरून जाण्याचीच लाज अधिक असते.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. हिशेब न मांडताही त्यांना तो कळला होता.

नातवाच्या बैलाचे राहिलेच. अ‍ॅपवरून आलेल्या बैलाचे चाक पहिल्याच मिरवणुकीत निखळले असेल, तर ते सुताराकडेच न्यावे लागले असेल. पुढचा बैल त्यालाच करायला सांगा, नातवाला सोबत न्या आणि शिंगांचा आकार, पाठीवरची झूल, चाकांचा रंग हे त्यालाच ठरवू द्या. फक्त हे पोळ्याच्या तोंडावर सांगून चालणार नाही. श्रावणात सुताराच्या हाताला उसंत नसते आणि पावसाळ्यात ओले लाकूड पुढे तडकते. उन्हाळ्यात वाळलेला सागाचा तुकडा त्याच्याकडे आहे का, हे आषाढ लागण्यापूर्वीच विचारून ठेवा आणि थोडी आगाऊ रक्कम रोख द्या.